शिंगलवर पत्रा चढवण्याआधी माळ्यावर चढा

नवं छप्पर बसून जेमतेम अडीच महिने झाले होते. जानेवारीतली सकाळ, ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळचं आमचं घर, बाहेर ८ अंश फॅरनहाइट आणि बेडरूमच्या सीलिंगवर बशीएवढा पिवळट डाग. छप्पर गळतंय, दुसरं काय! पण पाऊस पडून बरेच दिवस झाले होते आणि छपरावरचं बर्फही अजून हललेलं नव्हतं. नवऱ्याला शिडी धरायला लावून टॉर्च घेऊन अ‍ॅटिकमध्ये चढले. जुन्या शिंगलच्या खिळ्यांची टोकं प्लायवूडमधून खाली आलेली असतात ना, त्या प्रत्येक टोकावर हरभऱ्याएवढी पांढरी दहिवराची गोळी बसली होती. शेकडो. ऊन वर आलं की त्या वितळायच्या आणि थेंब थेंब खालच्या इन्सुलेशनमध्ये मुरायचे. म्हणजे पाणी वरून आलंच नव्हतं. आमच्याच कुकरची, आमच्याच आंघोळीची वाफ वर जाऊन अडकली होती, कारण तिची बाहेर पडायची वाट नव्या पत्र्याने बुजवली होती.

तुमच्या घरावर अ‍ॅस्फाल्ट शिंगल (डांबरी छपरी पट्ट्या) आहेत, त्या न उपटता वरूनच मेटल रूफ घालायचा बेत आहे आणि रूफर तुमच्याशी फक्त रंग आणि गेज (पत्र्याची जाडी) यांवरच बोलतोय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पत्रा चांगला असतोच. चूक होते ती त्याच्या खाली, आणि ती पत्रा चढण्याआधी स्वस्तात सुटते.

शब्दांचं एकदा ठरवून घेऊ. आढं म्हणजे छपराचा वरचा कणा, रूफर त्याला रिज म्हणतो. वळचण म्हणजे खालची कड, आणि तिच्या पोटाखालची फळी म्हणजे सॉफिट. वाशांवर ठोकलेलं प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेली फळी) म्हणजे डेक. अ‍ॅटिक म्हणजे आपला माळा, फक्त इथे त्यात लोणच्याच्या बरण्या नसतात.

पहिली पायरी : वरून घालायची परवानगी आहे का?

बहुतेक राज्यांचे नियम इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडवर बेतलेले आहेत. त्यानुसार छपरावर आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवता येत नाही, सगळं उतरवावं लागतं. छपराच्या तिरक्या कडेला ड्रिप एजजवळ (पाणी बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीजवळ) शिंगल जरा उचलून पाहिली की थर मोजता येतात. डेक ओला, कुजका किंवा झोल पडलेला असेल तरीही उतरवायचंच. तिथे पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका.

वजनाची भीती मात्र बरेचदा उगाच असते. अ‍ॅस्फाल्ट शिंगलचा एक थर चौरस फुटाला साधारण २ ते ३.५ पौंड भरतो आणि घरांवर घालतात तो पोलादी पत्रा साधारण १ ते १.५ पौंड. परमिट आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर तिचं पत्र आधी घ्या. पत्र्याच्या कंपनीची वॉरंटी शिंगलवर बसवल्यास चालू राहते का, हे लेखी विचारा. काही कंपन्या अटी घालतात.

दुसरी पायरी : टॉर्च घेऊन वर जा

कडाक्याच्या थंडीतली सकाळ असेल तर उत्तम, कारण माळा तेव्हा सगळं कबूल करतो. डेकवर काळे डाग, गंजलेले खिळे, त्यांच्याभोवती पाण्याची वलयं, इन्सुलेशनवर गोल खड्डे पडल्यासारख्या खुणा दिसल्या, तर ओलावा आजचा नाही, जुना आहे. मग दिवे बंद करा आणि वळचणीच्या दिशेने पाहा. सॉफिटमधून उजेड दिसला पाहिजे. नसेल दिसत तर इन्सुलेशनने किंवा जुन्या रंगाने हवेची भोकं बुजलेली आहेत. पाय फक्त लाकडावर ठेवायचा. मधल्या ड्रायवॉलवर, म्हणजे सीलिंगच्या जिप्सम बोर्डावर, पडला तर खाली दिवाणखान्यात पोचाल.

एक इशारा. इन्सुलेशन म्हणून चकाकत्या, करड्या-सोनेरी, अभ्रकासारख्या खड्यांचा थर दिसला तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. १९९० मध्ये बंद झालेल्या मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून अमेरिकेतला बराचसा माल यायचा आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. हात लावू नका, चाळवू नका, खाली उतरा आणि त्यातल्या माणसाला बोलवा.

तिसरी पायरी : अगरबत्ती

ओलावा माळ्यावर जातो तो मुख्यतः फटींतून वर चढणाऱ्या उबदार हवेबरोबर. ड्रायवॉलमधून पाझरून जाणारा त्यापुढे नगण्य. ७० अंश फॅरनहाइट आणि ४० टक्के आर्द्रता असलेल्या घरातल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो, ४५ अंशांच्या आसपास असतो. ती हवा २० अंशांच्या डेकला टेकली की पाणी सुटणारच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसंच. आणि आपल्या घरांत ही वाफ जरा जास्तच असते : कुकर, डाळ, इडल्या, आणि वर फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर चढवून ठेवलेला. किचनचा हूड वाफ बाहेर फेकणारा आहे की गाळून परत नाकावर मारणारा, हेही एकदा पाहून घ्या.

फटी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. खिडक्या-दारं बंद करा, बाथरूमचे आणि किचनचे बाहेर जाणारे एक्झॉस्ट फॅन लावा. (चिमणीवाला गॅसचा वॉटर हीटर असेल तर तेवढा वेळ तो बंद ठेवा, नाहीतर त्याचा धूर उलटा घरात येईल.) आता देवघरातली अगरबत्ती पेटवून सीलिंगच्या दिव्यांखाली, माळ्याच्या झाकणाच्या कडेला, पंखा सीलिंगला बसतो त्या वाटीजवळ धरा. धूर सरळ वर जायचा सोडून खाली किंवा बाजूला ढकलला गेला, तर तिथे भोक आहे. खालून खडूने खूण करा. अगरबत्ती माळ्यावर मात्र न्यायची नाही. तिथे जुनं कागदी इन्सुलेशन असेल तर देवच वाचवो.

मग वर जाऊन इन्सुलेशन बाजूला सारायचं आणि फटी बुजवायच्या. बारीक फटीला कॉक (पिळून भरायचं लुकण), मोठीला डब्यातला फोम. पाइप जिथून वर येतात ती भोकं आणि भिंतींच्या माथ्यावरच्या फळीच्या फटी आम्ही सगळ्यात जास्त बुजवल्या. वायरसाठी पाडलेलं एकेक भोक अंगठ्याएवढं, पण अशी चाळीस होती. चिमणीभोवती आणि धुराच्या नळीभोवती फोम अजिबात नको. तिथे पत्र्याची पट्टी आणि उष्णता सोसणारं सीलंट लागतं. जुने रिसेस्ड, म्हणजे सीलिंगच्या आत बसवलेले, दिवे इन्सुलेशनने झाकता येतील असे आहेत का, हे त्यांच्यावरच्या लेबलवर पाहा. नसतील तर झाकून आगीला आमंत्रण देण्यापेक्षा ते बदललेले परवडतात.

बाथरूमच्या फॅनची नळी कुठे जाते तेही बघा. माळ्यातच सोडून दिलेली नळी मी स्वतः तीन ओळखीच्यांच्या घरी पाहिली आहे. ती छपराबाहेरच निघाली पाहिजे, आणि तिचं टोपण पत्रा बसतो त्याच दिवशी बसवून घ्यायचं. नंतर नव्या पत्र्याला भोक पाडायला कोणी आनंदाने येत नाही.

चौथी पायरी : इन्सुलेशन

फटी बुजल्यावरच इन्सुलेशन. क्रम उलटा झाला तर पुन्हा सगळं उकरावं लागतं.

थंड पट्ट्यात माळ्याच्या जमिनीवर आर-४९ ते आर-६० असावं असा एनर्जी स्टार या सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रमाचा सल्ला असतो. (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप; जितका मोठा तितकं चांगलं.) फुंकून भरायचं सेल्युलोज इंचाला साधारण आर-३.५ देतं, म्हणजे आर-४९ ला १४ इंचांचा थर. सुटं फायबरग्लास इंचाला त्याहून कमी देतं, तेव्हा थर आणखी जाड हवा. आमच्याकडे ६ इंचांचं दबलेलं जुनं होतं, त्यावरच नवं भरलं.

वळचणीपाशी मात्र सांभाळा. तिथे वासे खाली येतात, जागा चिंचोळी होते आणि फुंकलेलं इन्सुलेशन थेट सॉफिटवर जाऊन बसतं. म्हणून प्रत्येक दोन वाशांमध्ये आधी बॅफल ठोकायचं, म्हणजे डेकच्या पोटाला चिकटून हवेला वर जायला पन्हाळीसारखी वाट राहते. कोड किमान १ इंच जागा मागतो. मी २ इंच ठेवली.

याचा संबंध बर्फाशी आहे. माळा गरम असला की छपरावरचं बर्फ खालून वितळतं, पाणी घरंगळत वळचणीपर्यंत येतं, आणि वळचण तर घराच्या भिंतीबाहेर, गार. तिथे ते गोठतं. त्या बर्फाच्या बांधामागे पुढचं पाणी तुंबतं आणि पत्र्याच्या, शिंगलच्या सांध्यांतून वर घुसतं. आढ्याचं पाणी वळचणीला जातं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ओहायोत वळचणीचं पाणी आढ्याकडे निघालेलं मी पाहिलं आहे. पत्र्यावरून बर्फ लवकर घसरतं हे खरं, पण घसरतं ते पायऱ्यांवर आणि गटरवर. दरवाजाच्या वर स्नो गार्ड (घसरतं बर्फ धरून ठेवणारे अडसर) लावून घ्या.

तिरकं सीलिंग असलेल्या खोल्यांना, म्हणजे जिथे माळाच नाही, वरचा हिशेब लागू पडत नाही. तिथे प्रत्येक वाशाच्या गाळ्यात हवेची वाट ठेवायची किंवा हवाबंद छप्पर करायचं. दोन्हींचं गणित वेगळं आहे. त्यासाठी बिल्डिंग सायन्स कळणारा माणूस बोलवा, फक्त फोम विकणारा नव्हे.

पाचवी पायरी : हवेचा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. माळ्याच्या जमिनीचं क्षेत्रफळ भागिले १५० एवढं निव्वळ उघडं क्षेत्र हवं, असा कोडचा मूळ नियम. हवा येण्याची आणि जाण्याची जागा नीट वाटलेली असेल, म्हणजे लागणाऱ्या एकूण उघड्या क्षेत्राचा ४० ते ५० टक्के भाग आढ्याजवळ आणि उरलेला खाली वळचणीला, तर ३०० ने भागलं तरी चालतं. अतिथंड विभागांत (मिनेसोटाचा बराचसा भाग, उत्तर मिशिगन) त्यासाठी सीलिंगच्या उबदार बाजूला व्हेपर रिटार्डरचीही (वाफ अडवणाऱ्या थराचीही) अट आहे.

आमचं घर ४० बाय ३० फुटांचं, म्हणजे १२०० चौरस फूट. भागिले ३००, म्हणजे ४ चौरस फूट, म्हणजे ५७६ चौरस इंच. अर्धे, २८८, आढ्याला, अर्धे वळचणीला. आढं ४० फूट लांब आहे, तेव्हा दर फुटाला ७.२ चौरस इंच हवेत. सॉफिटला १६ बाय ८ इंचांची जाळी साधारण ५६ चौरस इंच निव्वळ देते, म्हणजे किमान ६ जाळ्या, प्रत्येक बाजूला तीन. मी आठ लावल्या. खालून जास्त आलं तर चालतं; वरून जास्त ओढलं गेलं तर ती हवा घरातूनच, फटींतून, गरम केलेलीच ओढली जाते. विजेवर चालणारा अ‍ॅटिक फॅन मला म्हणूनच आवडत नाही.

‘निव्वळ’ हा शब्द विसरू नका. जाळीचं माप वेगळं आणि जाळीतून हवा जाते ती जागा वेगळी. लेबलवर निव्वळ आकडा छापलेला असतो. रिज व्हेंट, म्हणजे आढ्यावरचा हवेचा झरोका, लावल्यावर गेबलच्या, म्हणजे त्रिकोणी भिंतीतल्या, जुन्या जाळ्या आतून बंद केलेल्या बऱ्या. नाहीतर हवा जवळची वाट धरून गेबलमधून आढ्याला जाते आणि वळचणीकडची हवा जागची हलत नाही.

सहावी पायरी : आढं, जिथे आमचं बिनसलं

शिंगलच्या छपराला बहुधा आढ्यावर प्लास्टिकचा रिज व्हेंट असतो आणि त्याखाली डेकमध्ये लांब चीर कापलेली असते. पत्रा वरून घालताना घाईतला कारागीर काय करतो? तो व्हेंट तसाच ठेवतो, त्यावर अंडरलेमेंट (पत्र्याखालचा पाणी अडवणारा थर) अंथरतो, पत्रा दोन्ही पाख्यांवरून वर आणतो आणि पत्र्याची टोपी ठोकून देतो. बाहेरून सुरेख दिसतं. आत चीर झाकली गेलेली असते. आमच्याकडे हेच झालं होतं, आणि टोपीखाली भरीला बिनछिद्राचा फोम क्लोजर (पत्र्याच्या पन्हळींची फट भरणारी पट्टी).

बरोबर पद्धत अशी. जुना रिज व्हेंट काढून टाकायचा. अंडरलेमेंट चिरेच्या कडेपाशी कापायचं. चीर दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंच मोकळी आहे ना हे पाहायचं. मग पत्र्याच्या पन्हळीला बसेल असा हवा जाणारा क्लोजर, म्हणजे छिद्रांची झेड पट्टी किंवा जाळीदार फोम, आणि त्यावर टोपी. या क्लोजरचा निव्वळ आकडा शिंगलच्या रिज व्हेंटपेक्षा कमी असू शकतो. आमच्या हिशेबात तो फुटाला ७.२ च्या खाली गेला असता तर वर आणखी व्हेंट लागले असते. वणव्याच्या भागात, कॅलिफोर्नियात वगैरे, ठिणग्या अडवणारी बारीक धातूची जाळीही लागते.

टोपी बसण्याआधी स्वतः माळ्यावर जाऊन आढ्यातून उजेड दिसतो का पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही त्या दिवशी ऑफिसात होतो.

सातवी पायरी : शिंगल आणि पत्रा यांच्या मध्ये

शिंगल खरखरीत असतात आणि पत्रा उन्हाथंडीने लांबतो-आखडतो. २० फुटी पोलादी पत्रा उन्हाळा-हिवाळ्याच्या, म्हणजे शंभरेक फॅरनहाइट अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरच्या आसपास हलतो, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट. मध्ये काही नसेल तर शिंगलचे खडे पॉलिश पेपरसारखे खालचा लेप घासत राहतात. तेव्हा सिंथेटिक अंडरलेमेंट हवंच. वळचणीला बर्फाच्या पाण्यासाठी चिकटपट्टीचं मेम्ब्रेन, बाहेरच्या भिंतीच्या आतल्या रेषेपासून किमान २४ इंच आतपर्यंत. तेही धातूच्या छपराखाली चालणारं, जास्त उष्णता सोसणारं घ्या. साधं असेल तर उन्हाळ्यात पाघळतं.

सिंथेटिक अंडरलेमेंटमधून सहसा वाफ जात नाही, त्यात खाली शिंगल. डेकला आता वरच्या बाजूने सुकायचा मार्गच उरत नाही. सुकायचं तर खालीच, माळ्याच्या हवेत. मागच्या सगळ्या पायऱ्यांचा खटाटोप त्यासाठी होता.

पत्रा थेट बसवायचा की रीपा ठोकून? नुसत्या आडव्या रीपा, १ बाय ४ च्या, पत्र्याखाली जागा करतात आणि उंचसखल शिंगलवर पत्रा सपाट बसतो, पण वळचणीकडून आढ्याकडे जाणारी हवा त्या अडवतात. हवा वाहायला हवी असेल तर आधी वाशांवर उभ्या रीपा, त्यांवर आडव्या, खाली तोंड जाळीने बंद केलेलं पण हवेला उघडं, वर आढं उघडं. डेकच्या वरून अशी हवा वाहिली की उन्हाची घरात शिरणारी उष्णता घटते, हे टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांतही दिसलं आहे.

माझं मत विचाराल तर : ओहायो, मिशिगन, न्यू जर्सीत माळा नीट केलेला असेल तर रीपांचा खर्च टाळून ते पैसे फटी आणि सेल्युलोजवर घाला. टेक्सास, जॉर्जियात एसीच्या नळ्या भाजणाऱ्या माळ्यातून जात असतील, तर उभ्या-आडव्या रीपा नक्की घ्या. मात्र त्यांचे स्क्रू नुसत्या प्लायवूडमध्ये नकोत, खालच्या वाशात हवेत. वासे वरून दिसत नाहीत. माळ्यावरून वाशाला चिकटून आढ्याजवळ एक आणि वळचणीजवळ एक असे दोन खिळे डेकमधून वर काढायचे आणि वर त्यांच्यामध्ये खडूची दोरी मारायची.

आणि ती चांदीसारखी बबल फॉइल. तिकडे महाराष्ट्रात शेडच्या पत्र्याखाली लावतात तीच इकडे जादूचं इन्सुलेशन म्हणून विकतात. चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असेल तर ती उष्णतेचं प्रारण परतवते. पत्रा आणि शिंगलच्या मध्ये दाबून बसवली की पोकळीच उरत नाही. दुप्पट आर-व्हॅल्यू सांगणाऱ्याला ‘पोकळी कुठे आहे?’ एवढंच विचारा.

आवाजाचं विचारतात सगळे. “अमेरिकेत जाऊन पत्र्याचं घर?” आई फोनवर म्हणाली होती. रत्नागिरीच्या पडवीवर पाऊस सुरू झाला की बोलणं थांबवावं लागतं, तसं इथे होत नाही. पत्र्याखाली शिंगल, डेक, १४ इंचांचं सेल्युलोज आणि ड्रायवॉल. जूनमधला पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आम्हाला खिडकीतून पाहून कळलं. थोडं वाईटच वाटलं.

पहिल्या हिवाळ्यात

घरात दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक ठेवा. थंडी वाढली की ३० ते ४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका; खिडक्यांच्या काचा भिजायला लागल्या तर आणखी खाली आणा. पहिल्या कडक गोठणाऱ्या सकाळी, ऊन यायच्या आत, माळ्यावर जा आणि खिळे पाहा. कोरडे असतील तर ठीक. कुठे एकाच जागी दहिवर दाट असेल तर वर शोधत बसू नका, त्याच्या बरोबर खाली काय आहे ते पाहा.

रूफरने आमचं आढं उघडून दिल्यावरही एका पाखीवर पांढरा पट्टा उरला होता. खाली मुलांचं बाथरूम. इन्सुलेशन बाजूला केलं तर फॅनची नळी टोपणापासून निसटून आडवी पडलेली. कापडी टेप गारठून सुटली होती. आता तिथे स्क्रूने आवळायचा धातूचा क्लॅम्प आहे.